एक चाल, तीन कागद

स्पायरल बायंडिंगच्या मशीनने डावीकडचा पहिला स्वर खाल्ला. एका पानावर नाही, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पानांवर. तिवसा तालुक्यातलं आमचं गाव, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर इथून जवळच. कोजागिरी झाली की पहाटेचा काकडा सुरू होतो, आणि त्याआधी भजनी मंडळाच्या हातात चालींचं पुस्तक द्यायचं मी कबूल केलं होतं. हरिपाठाच्या चाली, काही अभंग, गौळणी, आरत्या. दहा प्रती बांधून आणल्या, पेटीवर ठेवल्या. मामाजींनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, "सूनबाई, हितं भोक हाय जी. सूर कोनता हाय थो?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं मंडळात पेटी वाजवतात. चाली सगळ्या त्यांच्या डोक्यात, कागदावर एकही नाही. मी शाळेत शिकवते, लग्नाआधी संगीताच्या परीक्षा दिलेल्या, म्हणून स्वरलिपी येते. त्यांच्याकडून चाल ऐकायची आणि लिहून ठेवायची, हे काम मी तीन वर्षांपूर्वी हातात घेतलं. मंडळातली जुनी माणसं एकेक करून कमी होताहेत, त्यांच्याबरोबर चाली जाऊ नयेत एवढाच हेतू. लिहायला कॉम्प्युटर वापरायचा हे माझ्या धाकट्या दिरांनी सुचवलं. ते सरकारी बँडात क्लॅरिनेट वाजवतात, पाच रेघांचं स्टाफ नोटेशन वाचतात. त्यांनीच लॅपटॉपवर लिलिपाँड टाकून दिलं.

लिलिपाँड हे फुकट मिळणारं, मुक्त सॉफ्टवेअर आहे. १९९६ साली दोन डच संगीतकारांनी ते सुरू केलं. त्यात माउसने स्वर उचलून रेघांवर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अक्षरांनी स्वर लिहायचे, सी म्हणजे सा, डी म्हणजे रे, पुढे मात्रेचा आकडा; मग सॉफ्टवेअर ती फाइल वाचून छापायचं पान तयार करतं. पान कसं दिसावं हेही त्याच भाषेत लिहायचं. कागदाचं माप आणि समास पेपर ब्लॉकमध्ये, रेघा, चिन्हं आणि ओळींची वागणूक लेआउट ब्लॉकमध्ये. मला ही रीत पहिल्या दिवसापासून आवडली, कारण लाइन जायच्या आत जेवढं लिहिलं तेवढं साध्या फाइलमध्ये राहतं आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता येतं.

चूक अशी झाली की पहिल्या अभंगाच्या फाइलच्या डोक्यावर मी कागद, समास, अक्षर, ओळींमधलं अंतर असं सगळं लिहिलं आणि दुसरा अभंग लिहिताना ते तीसेक ओळींचं डोकं जसंच्या तसं उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवलं. तिसऱ्यात तेच. एखादी गौळण लांब होती, तिच्यापुरती ओळींमधली जागा कमी केली. पुढची आरती त्या गौळणीवरून उचलली, तर कमी झालेली जागा तिच्यातही आली. असं करत त्रेचाळीस फाइली. डावा समास १० मिलिमीटर मीच लिहिला होता; बायंडिंगला किती जागा लागते हा विचारच केला नव्हता. आता तो १८ करायचा म्हणजे त्रेचाळीस ठिकाणी बदल. शोधा-आणि-बदला करून पाहिलं. काही फाइलींत १० होता, काहींत १२, सातांमध्ये समास लिहिलेलाच नव्हता आणि दोनांमध्ये तो दोनदा लिहिला होता. त्या रात्री सगळ्या फाइली हाताने दुरुस्त केल्या, दुसऱ्या दिवशी तिवशाहून पुन्हा छापून आणल्या, आणि काकडा वेळेवर सुरू झाला. पण पऱ्हाटीच्या वेचणीच्या दिवसांत रात्रभर जागून मी एवढं मात्र ठरवलं की हे डोकं एकाच जागी असलं पाहिजे.

लिलिपाँडमध्ये त्याची सोय आहेच. सामाईक मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि गाण्याच्या फाइलमध्ये 'इन्क्लूड' या एका ओळीने आत ओढायचा. गाण्याच्या फाइलीचं शेपूट 'एलवाय', आत ओढायच्या फाइलीचं 'आयएलवाय', अशी रीत आहे. सॉफ्टवेअर शेपटाकडे पाहत नाही, पण फोल्डर उघडल्यावर माणसाला कळतं की कोणती फाइल चालवायची आणि कोणती नुसती आत ओढायची. मी तीस ओळींचं डोकं कापून एका फाइलमध्ये ठेवलं आणि त्रेचाळीस गाण्यांच्या वर इन्क्लूडची एकेक ओळ टाकली. समास एका जागी बदलला की सगळी पानं बदलायची. काही दिवस मला वाटलं काम झालं.

मग दिवाळीला दीर घरी आले. त्यांना मंडळासोबत वाजवायचं होतं. म्हणाले, "वहिनी, मला सरगम नको, रेघा द्या. आणि अक्षर एवढं मोठं कशाला? माझ्या स्टँडवर दोन पानं मावली पाहिजेत." तिकडे मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना रेघा अजिबात नको होत्या. फक्त सरगम आणि शब्द, तेही पेटीवर कागद ठेवून बसल्या जागेवरून दिसतील एवढे. शाळेतल्या मुलींना सरगम, शब्द आणि खाली तालाची चिन्हं, कारण त्या परीक्षेला बसतात. एक चाल आणि तीन कागद. माझ्या एकुलत्या एका स्टाईलशीटमध्ये, म्हणजे त्या डोक्याच्या फाइलमध्ये, मी 'दिरांसाठी असेल तर हे', 'मामाजींसाठी असेल तर ते' असं घुसवायला लागले. ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की लिलिपाँड ती ओळ वाचत नाही. मी पंधरा ओळींवर ते चिन्ह टाकायची, छापायची, काढायची, दुसऱ्या पंधरा ओळींवर टाकायची. एकदा ते चिन्ह काढायला विसरले आणि मुलींच्या हाती क्लॅरिनेटचा कागद गेला.

तेव्हा नीट विचार केला. गाणं म्हणजे काय आणि गाण्याचं दिसणं म्हणजे काय, हे मी वेगळं केलंच नव्हतं. नुसतं डोकं वेगळं केलं होतं. प्रत्येक गाण्याच्या फाइलमध्ये खाली स्कोअर ब्लॉक तसाच होता, आणि कागदावर काय काय उमटेल, रेघा की सरगम, शब्द एका ओळीत की दोन, हे तिथेच ठरत होतं. तो ब्लॉकही दिसण्याचाच भाग निघाला.

म्हणून गाण्याच्या फाइलमध्ये मी फक्त व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेले तुकडे, ठेवली: चाल, धृपद, कडवी, ताल, नाव. ही नावं रोमन अक्षरांत, आणि सगळ्या गाण्यांत अगदी तीच. कडव्यांना एक, दोन, तीन असे आकडे लावायला गेले तर लिलिपाँडने नकार दिला, कारण व्हेरिएबलच्या साध्या नावात आकडा चालत नाही. म्हणून 'कडवंएक', 'कडवंदोन' असं अक्षरांत लिहिलं. गाण्याच्या पहिल्या ओळीत 'रूप' नावाची फाइल आत ओढायची, शेवटच्या ओळीत 'साचा' नावाची. रूपात कागद, अक्षर, अंतर. साच्यात स्कोअर ब्लॉक, म्हणजे वरची व्हेरिएबल कोणत्या क्रमाने मांडायची ते. मधल्या ओळींमध्ये केवळ गाणं.

आणि इथे एक युक्ती सापडली, जी मला या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची वाटते. रूप आणि साचा ही दोन नावं सगळीकडे तीच ठेवली, पण फोल्डर तीन केले: मामाजी, शाळा, बँड. प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःचं रूप आणि स्वतःचा साचा. लिलिपाँड चालवताना उणे चिन्ह आणि मोठा आय लिहून एखाद्या फोल्डरचा पत्ता दिला, की इन्क्लूडच्या फाइली ते तिथेही शोधतं. मामाजींच्या फोल्डरचा पत्ता दिला तर मामाजींचं पान, बँडचा दिला तर दिरांचं. गाण्याच्या फाइलमध्ये एक अक्षरही बदलावं लागत नाही. तयार झालेलं पान कुठे ठेवायचं हे छोट्या ओच्या पर्यायाने सांगता येतं, म्हणून तिघांची पानं एकमेकांवर पडत नाहीत. सगळ्या आज्ञा एका दमात चालवणारी छोटीशी बॅच फाइल केली; ती त्रेचाळीस गाणी तिन्ही रूपांत काढते, एकशे एकोणतीस पानांच्या फाइली. आमच्या जुन्या लॅपटॉपला दहा-बारा मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. लिहिताना मी फ्रेस्कोबाल्डी हा एडिटर वापरते. त्याच्या सेटिंगमध्येही हा शोधायचा पत्ता देता येतो. तिथे मी मामाजींचं फोल्डर कायमचं ठेवलंय, कारण त्यांना दिसलं तर सगळ्यांना दिसतं.

तिन्ही रूपांत सारखं असतं ते चौथ्या फोल्डरमध्ये गेलं, त्याचं नाव सामाईक. आधी मला वाटलं यात फार काही उरणार नाही. प्रत्यक्षात सर्वांत जास्त मजकूर इथेच आहे. सरगम छापायची सोय त्यातलीच.

लिलिपाँडमध्ये नोट-नेम्स नावाचा एक प्रकार आहे. त्याला स्वर दिले की ते रेघांवर मांडायऐवजी स्वरांची नावं छापतं. मुळात ती नावं युरोपातल्या पद्धतीची, पण नाव कसं काढायचं हे ठरवणारं फंक्शन आपण आपलं देऊ शकतो. मी ते लिहिलं: सात शुद्ध स्वरांना सा, रे, ग, म, प, ध, नि, कोमल असेल तर अक्षराखाली रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. ही भातखंडे पद्धतीची चिन्हं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रूढ केलेली ही लिपी साध्या मजकुरासारखी ओळीत वाचता येते, म्हणूनच खेड्यातल्या पेटीवाल्याला ती पटकन जमते. आता मी चाल एकदाच लिहिते. रेघांवरचे स्वर दिरांना आणि सरगम मामाजींना त्याच ओळीतून निघते. पूर्वी सरगम हाताने वेगळी टाइप करायचे आणि एखादा कोमल निषाद रेघांवर कोमल तर सरगमीत शुद्ध राहायचा. ती चूक आता होऊच शकत नाही.

तालाच्या चिन्हांनी मात्र मला बराच वेळ घेतला. आमची बहुतेक भजनं आठ मात्रांच्या केरव्यात. भातखंडे पद्धतीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेचं चिन्ह; 'खाली'ला, म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेतात त्या मात्रेला, शून्य; केरव्यात पहिल्या मात्रेवर सम आणि पाचवीवर खाली. पण शाळेतल्या काही मुलींच्या पुस्तकात पलुस्कर पद्धत आहे. तिथे समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकचं चिन्ह. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, आणि त्यांच्या परंपरेत शिकलेल्यांच्या हातात ही लिपी आजही आहे. मुलीला एका वहीत गुणिले आणि दुसऱ्या वहीत एक दिसला तर ती गोंधळते. म्हणून गाण्यात मी चिन्ह लिहितच नाही. 'सम', 'टाळी', 'खाली' असे शब्द लिहिते, आणि त्या शब्दांचं चिन्ह काय हे सामाईकातल्या दोन छोट्या फाइलींपैकी एक ठरवते. भातखंडेवाली ओढली की गुणिले, पलुस्करवाली ओढली की एक. मात्रा पानावर सरळ खाली-खाली याव्यात म्हणून प्रमाणबद्ध अंतराची सोय चालू केली. एक मात्रा म्हणजे कागदावर ठरलेली रुंदी, मग तिच्यावर स्वर एक असो की दोन. मामाजींच्या पानात ही सोय मी काढून टाकली, कारण मोठ्या अक्षरात शब्द रुंद होतात आणि ठरलेल्या रुंदीत ते एकमेकांवर चढतात.

आता जी गोष्ट सांगते ती मला तीन दिवस सतावत होती.

मामाजींच्या रूपात अक्षराचा आकार वाढवायचा होता. लिलिपाँडमध्ये सगळ्या पानाचं माप एका आकड्यावर चालतं, पाच रेघांच्या पट्टीची उंची. न सांगता ती २० पॉइंट असते, म्हणजे साधारण ७ मिलिमीटर. रेघा छापायच्या नसल्या तरी शब्द आणि चिन्हं याच मापाने लहान-मोठी होतात. २२, २४, २६, २८ अशी चार पानं काढून संध्याकाळी पेटीवर ठेवली. चोवीसला ते कागद हातात उचलत होते. सव्वीसला हात पेटीवरून उचलला नाही. अठ्ठावीसला कडवं दुसऱ्या पानावर गेलं. सव्वीस ठरलं. पान उलटावं लागू नये म्हणून पेपर ब्लॉकमध्ये पानांची संख्या एक असंही सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सव्वीसची पानं छापून दिली. मामाजींनी वाचली, गायली, आणि मग एका शब्दावर बोट ठेवून थांबले. शब्द होता 'विठ्ठल'.

"हा ल आपला नाई वाटत, सूनबाई."

मी पाहिलं. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो. इथे उजवीकडे सरळ दांडी असलेला हिंदी वळणाचा ल होता. खाली 'शरण' शब्दातला श सुद्धा तसाच. अक्षराची निवड मी मुद्दाम केली होती. टिरो देवनागरी मराठी हा टंक, म्हणजे फॉन्ट, घेतला होता, कारण त्याचे ल आणि श जन्मतः मराठी वळणाचे आहेत. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं शासनाने २००९च्या निर्णयातही मान्य केलेली आहेत, आणि मामाजींच्या पिढीने गाथा आणि पोथ्या त्याच वळणात वाचल्या. मग हा दुसरा ल आला कुठून? मला आधी वाटलं की छपाईच्या दुकानात अक्षर बदललं. पण लिलिपाँड पीडीएफ करताना टंक आतच भरून देतं, दुकानातल्या मशीनला तो लागत नाही. लॅपटॉपवर पीडीएफ मोठं करून पाहिलं, तिथेही दांडीचाच ल.

बँडचं पान उघडलं तर गाण्याच्या नावात ल बरोबर. शाळेचंही बरोबर. फक्त मामाजींचं चुकत होतं. तिन्ही रूपांच्या फाइली शेजारी-शेजारी उघडून ओळीने ओळ लावली. शाळा आणि बँडमध्ये आकाराची ओळच नव्हती, कारण वीसच हवा होता. मामाजींच्या फाइलमध्ये ती होती, आणि मी ती शेवटी लिहिली होती, टंकाच्या खाली. सव्वीस कर, ही आज्ञा पानाचं माप नव्याने मांडते आणि त्यात आधी सांगितलेला टंक पुसला जातो. टंक पुसला की पानावर जी अक्षरं उमटवायची आहेत ती मशीनमध्ये जो कोणता देवनागरी टंक हाताशी असेल त्यातून उचलली जातात. म्हणून कागद कोरा आला नाही, चौकटी आल्या नाहीत, एररही दिसला नाही. नुसता ल बदलला. हे चटकन कळणारं नव्हतं आणि मामाजींनी बोट ठेवलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.

आकाराची ओळ सगळ्यांत वर नेली. टंकाच्या ओळीत आकाराच्या प्रमाणाचा भागही जोडला, म्हणजे पट्टीची उंची भागिले वीस, नाहीतर स्वर सव्वीसचे आणि शब्द विसाचे राहतात. पुन्हा छापलं. दोन पाकळ्यांचा ल आला.

त्यानंतर प्रत्येक रूपाच्या फाइलीत एकच क्रम ठरवला आणि तो मोडायचा नाही: आधी आकार, मग कागद आणि समास, मग टंक, मग चिन्हं, मग ओळींची अंतरं. प्रत्येकाची सामाईकात वेगळी फाइल. रूपाची फाइल म्हणजे आता पाच इन्क्लूड आणि फार तर दोन-तीन स्वतःचे बदल; आकार सोडला तर ते नेहमी शेवटी. एकच गोष्ट दोनदा सांगितली तर लिलिपाँड नंतरचं ऐकतं; म्हणून सामाईक आधी, स्वतःचं मागून. हाच नियम उलटा झाला तर मामाजींचे बदल सामाईकाखाली गाडले जातात, आणि तेही कुठलीही तक्रार न करता.

एका बाबतीत माझा निर्णय मला बदलावा लागला, आणि त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुष्कळांना ते आधी माझ्यासारखंच वाटेल. दिरांचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं. त्यांच्या कागदावर सी लिहिला आणि त्यांनी तो वाजवला, तर कानाला एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. म्हणून त्यांचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. मंडळ काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी, ई-फ्लॅट, सा धरून गातं. म्हणजे माझ्या फाइलमधला सा, जो मी नेहमी सी धरून लिहिते, त्यांच्या पानावर एफला यायला हवा. मी ही हलवाहलव बँडच्या साच्यात टाकून दिली: सीवरून एफवर. दिसतंय ना बँडच्याच कागदावर, मग बँडच्याच साच्यात.

काकड्याच्या पहाटे ते चुकलं. थंडीत गळे लागत नाहीत, मंडळ काळी एकवर उतरतं. दीर एफचा कागद घेऊन बसलेले, मामाजींनी पेटीवर काळी एक धरलेली. दिरांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि टाळ घेतले. मला फार वाईट वाटलं, ते मुद्दाम सुट्टी काढून आले होते. पट्टी ही दिसण्याची गोष्ट नाही. ती त्या दिवशीच्या गाण्याची आहे. म्हणून पट्टी साच्यातून काढली आणि गाण्यांच्या फोल्डरात 'आजची पट्टी' अशी एक ओळीची फाइल ठेवली. तिच्यात फक्त सा कुठे आहे ते लिहिलेलं. क्लॅरिनेटला लागणारा एक स्वर साचा आपणच वाढवतो, कारण वाद्याचा तो स्वभाव बदलत नाही. काळी एक लिहिली की त्यांचा सा ई-फ्लॅटला. दोन्ही पट्ट्यांची पानं काढून ठेवली, आता त्यांच्या फाइलमध्ये दोन रंगांचे कागद असतात. आणि सरगमीला मात्र न हलवलेली चाल द्यायची, नाहीतर सा च्या जागी म छापला जातो. हे मी एकदा करून बसले होते.

बाकी किरकोळ. गाण्याच्या फाइलमध्ये दिसण्याची एकही ओळ लिहायची नाही, हा नियम चाळीस गाण्यांनी पाळला. तीन लांब गौळणींना सूट दिली, आणि त्या सूटीच्या ओळीशेजारी कारण मराठीत लिहून ठेवलं. पाठपोट छापायचं ठरलं तेव्हा कागदाच्या फाइलमध्ये दोन-बाजूंचं पान, आतला समास आणि बायंडिंगची वाढीव जागा असं तीन ओळींत झालं. पान कागदात मावेल असं लहान करण्याचा (फिट टू पेज) पर्याय दुकानात चालू राहिला तर सव्वीसचं चोवीस होतं, म्हणून आता पहिलं पान मी पट्टीने मोजूनच पुढचं काढायला सांगते. प्रत्येक फाइलीच्या वर लिलिपाँडची आवृत्ती लिहिते, माझी २.२४. त्यामुळे पुढे आवृत्ती बदलली तर कन्व्हर्ट-एलवाय हे त्याचंच साधन जुन्या फाइली बरीचशी आपणहून सुधारतं. विकासाच्या २.२५ मालिकेत टंक सांगायची रीत बदलली आहे. ते वाचून मी उघडून पाहिलं तर माझ्याकडे टंक फक्त एका फाइलमध्ये, सहा ओळींत आहे. बदलायचं ते तेवढंच.

गेल्या महिन्यात आठवीतली एक मुलगी आली. तिच्या आजीची एक ओवी आहे, ती घरात दुसऱ्या कोणालाच येत नाही. "मॅडम, मी लिहू का?" तिला मी रिकामी गाण्याची फाइल दिली, वर रूप, खाली साचा, मध्ये मोकळी जागा. आजीने जात्यावर बसून म्हटली, तिने मोबाइलवर घेतली आणि तीन दिवस माझ्याकडे बसून स्वर शोधले. एक रिषभ कोमल की शुद्ध, यावर ती आणि मामाजी अर्धा तास बसले, आजीला पुन्हा म्हणायला लावलं, कोमल निघाला. तिने फाइल चालवली आणि तीन पानं तयार झाली, तिच्या वहीचं, मामाजींचं, क्लॅरिनेटचं. कागदाबद्दल, अक्षराबद्दल तिने एक ओळही लिहिली नव्हती. मामाजींचं पान तिने आजीला नेऊन दिलं. आजीला वाचता येत नाही, पण तिने ते पोथीच्या फडक्यात ठेवलंय असं ऐकलं.

आता तिच्या भावाला तबल्याचे बोल हवेत, शब्दांच्या वर, मात्रेला मात्रा लागून. त्यासाठी आणखी एक फोल्डर केलं आहे. रूपाच्या फाइलमध्ये आकार आणि कागद ओढून झाला; साचा अजून कोरा आहे, कारण धा आणि धिं एकाच मात्रेत आले की ते कंसाखाली कसे बसवायचे ते मी अजून बघतेय.